परमनंट वे : जुने रूळ आणि आपल्या कंपाउंडातले नऊ खांब



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक समितीचा निरोप आला. "काका, तुम्ही रेल्वेतले, रेल्वेवरच लिहा," असंही सुचवलं. मी चौतीस वर्षं मध्य रेल्वेत 'पीडब्ल्यूआय' म्हणून काढली. पीडब्ल्यूआय म्हणजे परमनंट वे इन्स्पेक्टर. आता या पदाला सीनियर सेक्शन इंजिनीअर म्हणतात, पण गँगमध्ये अजूनही जुनंच नाव चालतं.

'परमनंट वे' या शब्दाची गंमत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रेल्वे बांधताना कंत्राटदार माती, दगड, खडी वाहून नेण्यासाठी आधी हलके रूळ टाकत. ती तात्पुरती वाट. भराव बसला, पूल झाले की ते रूळ उचलायचे आणि गाड्यांसाठी पक्के रूळ टाकायचे. ही झाली कायमची वाट, परमनंट वे. माझ्या नोकरीचा अनुभव मात्र असा की रेल्वेत सगळ्यांत कमी कायम काय असेल तर ते रूळच. झिजले की बदलायचे, गाड्यांचं वजन वाढलं की बदलायचे, मार्ग वळला की उखडायचे. उखडलेला रूळ यार्डात पडतो, लिलावात जातो आणि भट्टीत वितळतो. आपल्याकडे रेल्वे येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली, पण जुन्या रुळांच्या खुणा शोधाव्या लागतात त्या यामुळेच.

अशा काही खुणा आपल्या कंपाउंडात उभ्या आहेत आणि येत्या सर्वसाधारण सभेत त्यांचा निकाल लागणार आहे. म्हणून हा लेख.

नऊ खांब

मागच्या बाजूचं कुंपण सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. त्यातले नऊ लोखंडी खांब म्हणजे उभे पुरलेले रेल्वेचे रूळ आहेत. सोसायटी होण्याआधी या प्लॉटवर लाकडाची वखार होती. वखारवाल्याने रेल्वेच्या भंगार लिलावातून रुळांचे तुकडे घेतले आणि कुंपणाला लावले. आपल्या खरेदीखतातसुद्धा 'लोखंडी खांबांच्या कुंपणासह' असा उल्लेख आहे. त्या काळी ही पद्धत सर्रास होती. कल्याण, कर्जत, इगतपुरी, भुसावळ, कुठल्याही रेल्वेच्या गावात फिरा. कुठे कुंपणाला, कुठे विजेच्या खांबाला, कुठे जुन्या घराच्या माळवदाखाली तुळई म्हणून रूळ सापडतील.

आता कंपाउंड वॉल नवीन बांधायची आहे. ती बांधायलाच हवी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये एक ओळ आहे : जुने खांब काढून भंगारात देणे, रक्कम बिलातून वजा. सरळ हिशेब आहे. माझी विनंती एवढीच, की हात वर करण्याआधी ते खांब नक्की काय आहेत ते पाहू या.

रूळ वाचायचा कसा

रुळाला डोकं, पोट आणि पाय असे तीन भाग असतात. चाक चालतं ते डोकं, स्लीपरवर बसतो तो पाय आणि मधला उभा पत्रा ते पोट. कारखान्यात रूळ लाल तापलेला असतानाच पोटावर उठावदार अक्षरं उमटतात. कारखान्याचं नाव, वर्ष, बऱ्याचदा महिना, आणि वजनाचा प्रकार. म्हणजे प्रत्येक रूळ आपला जन्मदाखला अंगावर घेऊन फिरतो. जुन्या रुळाचा '९०' म्हणजे एका यार्डाला नव्वद पौंड. आज मेन लाइनला '६०' असतो, तो एका मीटरला साठ किलो. आकडा लहान झाला, पण रूळ बराच जड झाला.

गेल्या दिवाळीत मी आणि बी विंगमधली तीन-चार मुलं तारेचा ब्रश घेऊन खांबांच्या मागे लागलो. नऊपैकी सहा खांबांवर काही वाचता येत नाही. एकावर नुसते दोन आकडे आहेत. गेटजवळच्या खांबावर 'टाटा' स्पष्ट दिसतं आणि पुढे १९२७. पाण्याच्या टाकीमागच्या खांबावर 'बॅरो स्टील' अशी अक्षरं निघाली, पुढे १८ ने सुरू होणारं वर्ष. शेवटचे दोन आकडे गंजाने खाल्ले आहेत.

या दोन खांबांत मिळून एक मोठा इतिहास आहे. बॅरो हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथला पोलादाचा कारखाना जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होता आणि जगभर रूळ पाठवत होता. आपल्याकडच्या सुरुवातीच्या रेल्वेचं बहुतेक सामान, इंजिनांपासून रुळांपर्यंत, असंच जहाजातून आलं. म्हणजे तो खांब समुद्र ओलांडून मुंबईच्या बंदरात उतरला, कुठल्या तरी लाइनवर झिजला आणि शेवटी लाकडाच्या वखारीला राखण म्हणून उभा राहिला.

टाटांचा रूळ याच गोष्टीचं पुढचं पान. साकचीच्या कारखान्यात पहिलं पोलाद निघालं १९१२ साली. त्याआधी, हे हिंदी लोक रेल्वेच्या कसोटीला उतरतील असे रूळ बनवू शकले तर मी ते खाऊन दाखवीन, अशा अर्थाचं एक इंग्रज रेल्वे अधिकारी बोलला होता, असा किस्सा सांगितला जातो. पहिल्या महायुद्धात टाटांच्या रुळांवर परदेशातल्या आघाड्यांवर गाड्या धावल्या आणि १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीचं नाव जमशेदपूर ठेवलं. बॅरोपासून टाटांपर्यंतचा हा प्रवास शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. आपल्याकडे तो हात लावून पाहता येतो.

डांबराखालची ट्राम

रूळ नाहीसे कसे होतात आणि कधी कधी वाचतात कसे, हे समजायला मुंबईची ट्राम चांगलं उदाहरण आहे. आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींपैकी काहींनी ती पाहिलेली आहे, काहींनी त्यातून प्रवासही केला आहे.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग. भाडं तीन आणे आणि तिकीट छापलेलंच नाही. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली. 'बेस्ट' या नावातला शेवटचा 'टी' मुळात ट्रामवेजचा, पुढे तो ट्रान्सपोर्टचा झाला. ट्राम गेली तरी अक्षर बदलावं लागलं नाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि नव्वद वर्षांचा कारभार संपला. 'दादर टीटी' हे नाव मात्र लोकांच्या तोंडात राहिलं. आजची मुलं बसमध्ये टीटी म्हणतात, त्यातला पहिला टी ट्रामचा आणि दुसरा टर्मिनसचा, हे किती जणांना ठाऊक असेल?

ट्रामचा रूळ आपल्या रेल्वेच्या रुळासारखा नसतो. रस्त्यात पायी चालणारे, टांगे, हातगाड्या सगळेच असणार, म्हणून तो रस्त्याच्या पातळीत बसवतात. चाकाची कड जाण्यासाठी त्याच्या डोक्यातच एक खाच असते. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे चिरे घट्ट बसवलेले. मुंबईच्या ट्रामच्या दोन रुळांतलं अंतर चार फूट साडेआठ इंच होतं, आपल्या लोकलच्या साडेपाच फुटांपेक्षा कमी.

ट्राम बंद झाल्यावर सगळीकडचे रूळ काही उखडले गेले नाहीत. उखडणं खर्चाचं काम. कित्येक ठिकाणी वरून डांबर ओतलं आणि बस सुरू केली. त्यामुळे रस्ता खोदला की कधी कधी ते वर येतात. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचं काम चालू असताना जमिनीखालून ट्रामचे रूळ निघाले. ते भंगारात न टाकता तिथेच जपून लोकांना दाखवायचं ठरलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. तोच तुकडा गोदामात ठेवला असता तर खाच असलेलं लोखंड एवढंच राहिलं असतं. जागेवर राहिला की तो सांगतो : इथून ट्राम जात होती, या दिशेने, रस्त्याच्या या पातळीवरून. रस्ते कसे होते, कुठे वळत होते, हे त्या एका तुकड्यावरून उलगडतं.

ज्यांना ट्रामचा काळ थोडा जवळून पाहायचा असेल त्यांनी मुलांना घेऊन बेस्टच्या आणिक डेपोतल्या संग्रहालयात जावं. ट्रामच्या प्रतिकृती आणि त्या काळचं सामान तिथे आहे.

घाटातली सोडलेली वाट

आता आपल्या घरच्या लाइनकडे येऊ. ठाण्याहून कल्याणला गाडी आली १ मे १८५४ रोजी. पुढे दक्षिणेला १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत गेली आणि तिथे सह्याद्री आडवा आला. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे लाइन सुरू झाली. मधला घाट पाच वर्षं लोकांनी पालखीत, तट्टावर, बैलगाडीत आणि पायी चढून काढला. खाली एक गाडी, वर दुसरी गाडी.

म्हणजे आज आपण ज्याला खोपोली फाटा म्हणतो, तो एके काळी मुख्य रस्ता होता. घाटाची लाइन पळसदरीहून वर गेली आणि खोपोली बाजूला पडली. तरी तो तुकडा जिवंत राहिला, कारण तिथे लोक राहत होते आणि गाडी लागत होती. खोपोली लोकलमध्ये बसाल तेव्हा लक्षात ठेवा, तुम्ही १८५६ च्या वाटेवरून चालला आहात. जुनं जपण्याचा सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे ते वापरात ठेवणं. पण सगळ्यांच्या नशिबी ते नसतं.

बोरघाटाची लाइन १८६३ मध्ये पुरी झाली. पंधरा मैलांहून थोडी जास्त लांबी, अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. काही ठिकाणी चढ सदतिसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट सोडलं नाही, अनुभवी इंजिनीअर हाताशी धरून काम तडीला नेलं. १८६१ च्या सुरुवातीला घाटात बेचाळीस हजारांवर माणसं काम करत होती. दोर बांधून कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारी. पटकीने आणि तापाने त्यांतली हजारो दगावली. अ‍ॅलिस ट्रेडवेलचं नाव निदान कागदावर राहिलं. त्या मजुरांचं नावनिशाण नाही. त्यांनी जे केलं तेवढंच उरलं आहे : भराव, बोगदे, दगडी कमानी.

त्या घाटात एक चमत्कारिक जागा होती, खंडाळ्याखालचं रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराची सोंड इतकी अरुंद की गाडीला वळायला जागाच नव्हती. मग इंजिनीअरांनी युक्ती केली. गाडी सोंडेच्या टोकापर्यंत आंधळ्या लाइनवर न्यायची. तिथे इंजिन सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढायची. समोर थेट दरी. साठ-पासष्ट वर्षं पुण्याला जाणारा प्रत्येक प्रवासी या टोकावर थांबून गेला. १९२९ च्या सुमाराला विजेची इंजिनं आली, नव्या बोगद्यांतून वेगळा मार्ग काढला गेला आणि ही वाट सोडून दिली. कसारा घाटातही असंच रिव्हर्सिंग होतं, तेही गेलं.

घाटात मी सहा पावसाळे काढले. पावसाळ्यात हिल गँगबरोबर कड्यांवर फिरून सुटे धोंडे पाहायचे, रात्री पेट्रोलिंगवाल्यांच्या नोंदी तपासायच्या, दरड आली की धावायचं. जुन्या मार्गाचा भराव आणि दगडी बांधकाम तेव्हा झाडीतून दिसायचं. आमच्या मुकादमाच्या आजोबांनी त्या रिव्हर्सिंगवर चावीवाला म्हणून काम केलं होतं. मुकादम जागा दाखवून सांगायचा, "साहेब, इथं सांधा होता, इथं पाण्याचा हौद." तो निवृत्त झाला आणि पुढच्या गँगला ते सांगणारं कोणी राहिलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की रूळ उखडला तरी वाट पुष्कळ दिवस राहते. ती जाते ती सांगणारा माणूस गेल्यावर.

एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल सगळ्यांना आठवत असेल. तो १८३० च्या घाटरस्त्याच्या काळातला पूल. त्याच्या खांबांमुळे वाहतूक अडते म्हणून एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउन असताना, स्फोट करून पाडला. वाहतुकीची अडचण खरी होती, मीही त्या कोंडीत अडकलो आहे. पण एकशे नव्वद वर्षांचा पूल काही मिनिटांत गेला. पाडणं किती सोपं असतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

छोट्या लाइनी

महाराष्ट्रात अशा वाटा जागोजाग आहेत. नाशिकरोड ते नाशिक ट्राम होती, हे आज सांगितलं तर नाशिककरही चकित होतात. मुंबईत अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारी साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही झाली. त्या पट्ट्यावर पुढे विमानतळ आला. तेरा किलोमीटरची रेल्वे सहा वर्षांत आली-गेली आणि मागे आठवणसुद्धा राहिली नाही.

बार्शी लाइट रेल्वेची गोष्ट वेगळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरने अडीच फुटी गेजवर १८९७ मध्ये ती सुरू केली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. लाखो वारकऱ्यांनी त्या छोट्या डब्यांतून विठोबा गाठला. आता ती सगळी लाइन ब्रॉडगेज झाली आहे. ते व्हायलाच हवं होतं, लातूरच्या माणसाने मुंबईला यायला गाडी बदलत का बसावं? विदर्भातली 'शकुंतला', अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ, हीसुद्धा अडीच फुटीच. कापसासाठी बांधलेली, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणारी. ती बंद पडली तेव्हा लोकांनी ती परत सुरू व्हावी म्हणून आंदोलनं केली. त्यात जुन्याचा कळवळा होता तसाच रोजच्या प्रवासाचा प्रश्नही होता, गरिबाला परवडणारी ती एकच गाडी होती.

म्हणून जुनी लाइन बदलू नका असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर मी जुने रूळ काढून नवे टाकण्याचंच काम केलं आहे. गाडी सुरक्षित चालणं पहिलं. माझं म्हणणं एवढंच, की बदलताना एक तुकडा ठेवा, जमलं तर जागेवर, आणि तो काय आहे ते लिहून ठेवा.

इमारत जपतो, रूळ का नाही?

इमारतींच्या बाबतीत आता आपण बरे जागे झालो आहोत. सीएसएमटी २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. भायखळ्याचं जुनं स्टेशन पुन्हा मूळ रूपात आणलं गेलं आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. पण स्टेशन ज्याच्यासाठी बांधलं, त्या रुळाचा सत्कार कोणी करत नाही. कारण उघड आहे. रूळ सुंदर दिसत नाही, त्याला घुमट नाही, नक्षी नाही आणि विकला की किलोवर पैसे मिळतात. भंगाराचा भाव हा जुन्या लोखंडाचा सगळ्यांत मोठा शत्रू.

रूळ जपायला फार काही लागत नाही. माझ्या धंद्यातला अनुभव म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, शक्य तर जागा बदलू नये. फ्लोरा फाउंटनचं उदाहरण वर दिलंच आहे. ट्रामचा रूळ असेल तर त्याच्या बाजूचे दगडही ठेवावेत, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

दुसरी, अक्षरं सांभाळावीत. गंज तारेच्या ब्रशने काढावा, ग्राइंडर कधीही लावू नये. ग्राइंडरने गंजाबरोबर वर्षही जातं. वर पातळ थर द्यावा. दरवर्षी जाड ऑइलपेंट फासला की दहा वर्षांत अक्षरं बुजतात.

तिसरी, जमिनीच्या पातळीला पाणी साचू देऊ नये. खांब कुजतो तो तिथे, बाकी पोलाद शंभर वर्षं हलत नाही.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, पाटी लावावी. पाटी नसलेली वस्तू पुढच्या पिढीला भंगारच वाटते आणि त्यात त्यांचा दोष नाही.

तरुण मंडळींना एक ताकीद मात्र देतो. हे वाचून कोणी लाइनवर जाऊन फिशप्लेट किंवा चावी आठवण म्हणून उचलून आणू नये. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हा आहे आणि रेल्वेची वस्तू जवळ बाळगण्याबद्दल १९६६ चा वेगळा कायदा आहे. सुटलेल्या एका चावीने काय होऊ शकतं, ते आम्ही पाहिलेलं आहे. फोटो काढा तोही स्टेशनच्या सुरक्षित जागेवरून, आणि म्हाताऱ्या माणसांकडून माहिती घ्या. तो ठेवा जास्त मोठा आहे.

सभेपुढे विनंती

आता हिशेब मांडतो, कारण आपले खजिनदार भावनेवर चेक फाडत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

एक खांब जमिनीखालच्या भागासह साधारण दहा फूट, म्हणजे तीन मीटर. वजन सव्वाशे ते एकशे पस्तीस किलो. नऊ खांबांचे मिळून साधारण बाराशे किलो. भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला तर छत्तीस हजार होतात. मी नऊच्या नऊ ठेवा असं म्हणत नाही. ज्यांच्यावर काही वाचता येत नाही ते सात जाऊ द्यात. त्यांचे फोटो आणि मापं मी घेऊन ठेवली आहेत, ती सोसायटीच्या फाइलला लावू. टाटा आणि बॅरो, हे दोन ठेवा. दोघांचे मिळून आठ हजारांच्या आसपास सोडावे लागतील. आपली अठ्ठेचाळीस घरं आहेत. घरटी एकशे सत्तर रुपयेसुद्धा होत नाहीत.

हरकती मी ऐकल्या आहेत. तळमजल्यावरच्या आजींना काळजी आहे की खेळताना मुलांना गंजकं लोखंड लागेल. रास्त आहे. धारेच्या कडा घासून गोल करता येतील, अक्षरांना धक्का न लावता, आणि पायथ्याला कट्टा बांधता येईल. दुसरी हरकत पार्किंगची. टाकीमागचा बॅरोचा खांब फायर ब्रिगेडच्या गाडीच्या वळणात येतो. तिथे वाद नाही, तो हलवायलाच हवा. जागेवर ठेवावं हे तत्त्व माणसाच्या जिवापुढे मोठं नाही. तो बागेत, मुलांच्या घसरगुंडीपासून लांब, तुळशीवृंदावनाच्या बाजूला उभा करू आणि आधी कुठे होता ते पाटीवर लिहू. गेटजवळचा टाटांचा खांब मात्र आहे तिथेच राहू शकतो. नव्या भिंतीत त्याच्यापुरती सहा इंचांची खाच सोडली की झालं. कंत्राटदाराशी मी बोललो आहे, त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत.

तिसरी हरकत एका तरुण सभासदाने जिन्यात हसत हसत घेतली : "काका, यात आपल्या सोसायटीचा काय संबंध?" त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही कारण लिफ्ट आली. आता देतो. आपली सोसायटी मुळात रेल्वेवाल्यांनी उभी केली. सुरुवातीच्या सभासदांत गार्ड होते, मोटरमन होते, कारशेडचे फिटर होते, बुकिंग क्लार्क होते. त्यांच्यातले बरेच आज नाहीत. त्यांची मुलं आयटीत, बँकेत, परदेशात आहेत आणि तसंच व्हायला हवं. आणखी पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा कदाचित ही इमारतही नसेल, रीडेव्हलपमेंट होऊन टॉवर उभा असेल. ही वसाहत कोणी आणि का वसवली, हे सांगणारं तेव्हा काय उरणार? पहिल्या सभेचं इतिवृत्त वाळवीने अर्धं खाल्लं आहे, हे सेक्रेटरी जाणतात. पोलादाला वाळवी लागत नाही.

पाटीचा मजकूर मी तयार ठेवला आहे, सभेने हवा तसा बदलावा : "हे रेल्वेचे जुने रूळ आहेत. एक इंग्लंडमधल्या बॅरो येथे एकोणिसाव्या शतकात तयार झाला, दुसरा टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात १९२७ मध्ये. वखारीच्या कुंपणातून ते सोसायटीकडे आले. रेल्वे कामगारांनी उभारलेल्या या वसाहतीने ते रौप्यमहोत्सवी वर्षात जपून ठेवले."

शेवटचं वाक्य खरं करणं सभेच्या हातात आहे. विषय क्रमांक सात, कृपया त्या दिवशी वेळेवर या, कोरम होऊ द्या. आणि त्याआधी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन गेटपाशी या. मी ब्रश आणि खडू घेऊन असतोच. खडू अक्षरांवरून आडवा फिरवला की १९२७ कसं उजळून निघतं, ते पोरांनी स्वतः पाहावं.

रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मनापासून शुभेच्छा.